सड्यावरची एक मीटरची चौकट

प्रश्न : मी देवगडला राहते आणि बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. जैवविविधतेचे सर्वेक्षण शिकण्यासाठी एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा का? मोबाइलवर काढलेल्या फुला-पक्ष्यांच्या छायाचित्रांचा पुढे उपयोग होईल का?

उत्तर : छायाचित्रे ओळख पटवण्याच्या कामी येतील, परंतु दिसलेल्या जातींची यादी म्हणजे सर्वेक्षण नव्हे. किती जागेत, किती वेळ आणि कोणत्या पद्धतीने शोध घेतला हे लिहिलेले असेल, तरच पुढे दुसरा कोणी तिथेच जाऊन तुझ्या नोंदींशी तुलना करू शकेल. अभ्यासक्रम नंतरही करता येईल. आधी ही शिस्त अंगी बाणव, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यासाठी तुमच्याकडचे कातळसडे, म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पठारे, उत्तम आहेत. दोरी आणि चार खुंट्यांनी एक मीटर लांबी-रुंदीची चौकट आख, मात्र फुले पाहून जागा निवडू नकोस. आधी कागदावर ठरवलेल्या अंतरावर जी जागा येईल तीच घे, मग तिथे उघडा कातळ का असेना. प्रत्येक जात, तिच्या रोपांची संख्या, मातीची खोली आणि साचलेले पाणी यांची नोंद जागेवरच वहीत कर. पावसाळ्यात जिथे गेंद आणि सीतेची आसवे दाटीने फुलतात, तीच चौकट उन्हाळ्यात ओसाड दिसते, कारण सड्यावरच्या अनेक वनस्पती पावसाच्या काही महिन्यांतच आपले जीवनचक्र पूर्ण करतात. म्हणूनच केवळ उन्हाळ्यात पाहणी करून सड्याला पडीक ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

पक्षी ठरावीक ठिकाणी ठरावीक मिनिटे थांबून मोजतात, तर फुलपाखरे आपण ठरलेल्या वाटेने संथ चालत मोजायची. सुरुवातीला एकच गट घे. प्राणी पकडू नकोस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अनेक प्रजातींसाठी परवानगी लागते.

पदवीनंतर पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील जैवविविधता विषयाच्या एम.एस्सी.चा किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चा विचार कर. दोन्हींपैकी काहीही निवडलेस तरी संख्याशास्त्र टाळू नकोस.

तूर्त ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता व्यवस्थापन समितीची चौकशी कर. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार अशा समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ती मिळाल्यास सड्याची नोंद कोणत्या महिन्यात झाली ते पाहा, आणि पावसाळ्याची नोंद नसेल तर ती करण्यासाठी तुझी मदत देऊ कर.