ऐतिहासिक कादंबरीतले बरेचसे कल्पित असते हे ठाऊक असताना तिचा आस्वाद कसा घ्यावा?

कादंबरीतले संवाद आणि कित्येक प्रसंग लेखकाने रचलेले असतात हे कळल्यापासून तिच्यात मन रमत नाही, असे आपण लिहिले आहे. शिवाय आधी इतिहास वाचावा की कादंबरी, असेही विचारले आहे. माझ्या मते आधी कादंबरीच वाचावी, आणि तिच्यातला रचलेला भाग अधिक लक्षपूर्वक वाचावा, कारण कादंबरीकाराचे खरे काम तिथेच दिसते.

रणजित देसाई यांची १९६२ सालची ‘स्वामी’ बहुतेकांच्या वाचनात असते, म्हणून थोरल्या माधवरावांचेच उदाहरण घेतो. पानिपतानंतर काही महिन्यांतच, १७६१ मध्ये, नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढच्याच वर्षी काका रघुनाथराव निजामाची मदत घेऊन त्यांच्यावर चालून आले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावजवळ माधवरावांची बाजू पडली, तेव्हा दौलतीचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून ते स्वतः काकांच्या गोटात जाऊन त्यांच्या स्वाधीन झाले. आणि ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनावर हेच काका-पुतणे एकत्र येऊन निजामाशी लढले. इथवर इतिहास आहे. परंतु शत्रूच्या नव्हे, सख्ख्या काकांच्या डेऱ्याकडे जाताना त्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे कोणताही कागद सांगत नाही. पेशवेकालीन पत्रांत तिथी, मुक्कामाचे गाव, फौजेची हालचाल, रसद, कर्ज आणि हुंड्या यांची बारीक नोंद असते. लिहिणाऱ्याच्या मनातली उलघाल तिथे क्वचितच उतरते. ज्ञात घटनेला धक्का न लावता ही रिकामी जागा भरणे हेच कादंबरीकाराचे काम आहे, आणि ते मन त्या वयाला, त्या घराला व त्या काळाला साजेसे उतरले आहे का, हे पाहण्यात वाचनाचा मोठा आनंद आहे.

म्हणूनच एखादी तिथी चुकली किंवा दोन प्रसंगांचा क्रम बदलला, तर मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. खटकते ते अठराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी आजचे विचार आले म्हणजे. पेशवाईतला सरदार दौलत, वतन, स्वामिनिष्ठा, धर्म आणि घराण्याची अब्रू या शब्दांत विचार करतो. तोच आजच्या व्यासपीठावरचे भाषण करू लागला, की पोशाख तेवढा जुना उरतो आणि माणूस हरवतो.

लेखक कशाला उजाळा देतो आणि काय झाकतो, हेही पाहत जावे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या. रमाबाईंविषयी कागदोपत्री मिळते ते थोडे. आपल्या मनातली हळवी, मानी रमा बव्हंशी कादंबरीने घडवलेली आहे. तिचे सहगमन तिथे प्रेमाची परिसीमा म्हणून येते, आणि वाचताना माझेही डोळे भरून येतात. तरीही एका तरुण स्त्रीचे जिवंतपणी चितेवर जाणे इतके सुंदर का दिसावे, हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकत नाही. भारावणे आणि हा प्रश्न, दोन्ही मनात एकाच वेळी राहू द्यावीत. एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याचे कारण नाही.

कादंबरी संपली की मात्र इतिहासाकडे जरूर वळावे. माधवरावांसाठी गो. स. सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’तला त्या काळाचा भाग वाचावा. मृत्यूपूर्वी माधवरावांनी लिहवून ठेवलेल्या कलमांत कर्ज फेडण्याचा विषय आहे, आणि कादंबरीनंतर ती कोरडी कलमे वाचताना आजारी पेशव्याची चिंता अधिक जवळून जाणवते. बखरी वाचल्या तर त्या घटनेनंतर, काही तर फार उशिरा, लिहिल्या गेल्या हे ध्यानात ठेवावे. त्यांतले रसाळ संवादही पुष्कळदा रचलेलेच असतात. ‘श्रीमान योगी’ हाती घ्याल तेव्हा नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना वगळू नका. शिवचरित्रातल्या अवघड प्रश्नांची त्यांनी कादंबरीकाराशी केलेली ती सविस्तर चर्चा आहे. मी ती कादंबरी वाचून झाल्यावर वाचायला सुचवीन, म्हणजे त्यांतल्या कोणत्या प्रश्नांना लेखक भिडला आणि कोणते त्याने सोडून दिले, हे आपले आपल्यालाच ताडून पाहता येईल.