दुसरा भाग मिळेपर्यंत थांबा, पण गोष्ट सांगून टाकू नका

सोलापूरच्या ताई, तुमची रविवारची पोस्ट दोनदा वाचली. लेक तेरा वर्षांची, मराठी माध्यमातली. हॅरी पॉटर आणि पर्सी जॅक्सन संपवून आता जोनाथन स्ट्राउडच्या 'बार्टिमियस' नावाच्या जिनच्या मालिकेत रमली आहे. पहिला भाग झाला, तिसरा घरात येऊन पडलाय आणि दुसरा वाचनालयात सापडत नाही. तुम्ही विचारलंय, "दुसऱ्याचा सारांश नेटवर वाचून तिला सांगितला तर चालेल का? म्हणजे तिसरा सुरू करता येईल. आणि अशीच आणखी पुस्तकं सुचवा."

नका सांगू. पुस्तकं पुढे सुचवतो, पण आधी एवढं ऐका, कारण मी नेमकं हेच केलं होतं.

मी ग्रंथपाल नाही, शिक्षकही नाही. एका वाचणाऱ्या मुलीचा बाप आहे आणि तिच्यामागे मीही ही पुस्तकं वाचत गेलो. तेव्हा हे सगळं एका घरातल्या अनुभवापुरतं धरा. तुमच्या लेकीचा स्वभाव तुम्हालाच जास्त माहीत.

२०१४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी लेक बारा वर्षांची होती. आमच्या गावातल्या वाचनालयाच्या बालविभागात तिला फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' मिळालं. त्या गोष्टीतल्या जगात माणसाचा आत्मा शरीराच्या आत नसतो. तो प्राण्याचं रूप घेऊन सोबत चालतो, बोलतो, भांडतो. लहान मुलांचा प्राणी सतत रूप बदलत राहतो. घडीत पतंग, घडीत मांजर. मूल मोठं झालं की तो एका रूपात कायमचा स्थिरावतो. आमच्या घरात आठवडाभर हाच विषय. तिने आजीला विचारलं, तुझा प्राणी कोणता गं? आजी, म्हणजे माझी आई, भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "साळुंकी." मग माझा कोणता, शेजारच्या काकूंचा कोणता, दूधवाल्याचा कोणता. चार दिवसांत पुस्तक संपलं. इंग्रजी अडत होतं, तरी अडलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत वाचत होती.

तिसरा भाग, 'दि अँबर स्पायग्लास', त्याच कपाटात होता. मधला, 'द सटल नाइफ', नव्हता.

देवघेवीच्या खिडकीवर विचारलं. उत्तर आलं, "कपाटात आहे तेवढंच आहे." म्हटलं, दाखल नोंदवहीत बघता का? एक आणि तीन आहेत म्हणजे दोनही घेतलं असणार. "नोंदवही आत आहे, साहेब नाहीत." पुढच्या वेळी साहेब होते, तर संगणकीकरण चालू होतं. त्याच्या पुढच्या वेळी मला सांगितलं, लेखी अर्ज द्या. दिला. अर्ज पोचल्याचा शिक्का मागितला तर, "पुस्तकासाठी कुठे पोच असते का?" दोन महिन्यांत पाच खेपा घातल्या. त्यातल्या तीन खेपांना लेक सोबत होती. ती खिडकीशी टाचा उंचावून उभी राहायची आणि परत येताना काही बोलायची नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात १९६७ पासून आहे, अनुदान मिळतं, अ-ब-क-ड वर्ग ठरतात. आणि एका मुलीला एक पुस्तक शोधून द्यायला खुर्चीतून उठायची कोणाची तयारी नसते. याचा राग मला अजून येतो आणि तो यावाच असं मला वाटतं. दुसरीकडे मी फार चांगले ग्रंथपालही पाहिलेत, तेव्हा सगळ्यांना एका मापाने मोजत नाही.

पण खरी चूक माझी. जुलैमध्ये तिसऱ्या भागाची मुदत संपत आली होती. एकदा वाढवून घेतली होती, आता परत करणं भाग होतं. पाऊस लागलेला, वीज गेलेली, ती तो जाडजूड तिसरा भाग मांडीवर घेऊन बसली होती, न उघडता. मला वाटलं, पोरगी किती दिवस ताटकळणार? मोबाइलवर विकिपीडिया उघडला आणि दुसऱ्या भागात काय होतं ते सांगायला लागलो. सांगता सांगता खालचा परिच्छेद आला, म्हणून तिसऱ्याचंही सांगितलं. कोण मरतं, कोण कोणाचा निघतो, शेवटी काय होतं, सगळं. दहा मिनिटं लागली असतील. ती नीट ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "म्हणजे संपलं ना, बाबा?" आणि दुसऱ्या दिवशी तिसरा भाग स्वतः जाऊन परत करून आली.

दीड वर्षाने त्याच वाचनालयात मी मोठ्यांच्या विभागात रहस्यकथांचं कपाट चाळत होतो. तिथे 'द सटल नाइफ' होतं. नावात सुरी दिसली म्हणून कोणीतरी खुनाच्या गोष्टींमध्ये लावलं असणार. दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयात पुस्तक ज्या क्रमाने आलं तो आकडा, पाहिला. पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या बरोबर मधला. तिन्ही एकाच दिवशी आली होती. मागची तारखांची चिठ्ठी कोरी होती, एकही शिक्का नाही. घरी नेलं. लेक म्हणाली, "माहितीये ना काय होतं ते." आज ती बाविशीच्या पुढे आहे, पुष्कळ वाचते. ती दोन पुस्तकं तिने अजून वाचलेली नाहीत.

म्हणून म्हणतो, मधला भाग म्हणजे नुसता पूल नसतो. पुलमनच्या दुसऱ्या भागात विल नावाचा मुलगा पहिल्यांदा येतो आणि तिथून गोष्ट पहिल्या भागाची नायिका लायरा आणि विल अशा दोघांची होते. थेट तिसरा उघडला तर विल तुमच्यासाठी परका. सारांशातून त्याचं नाव कळतं, त्याची ओळख होत नाही. तुमच्या बार्टिमियसचंही तसंच आहे. किटी पहिल्या भागात जेमतेम दिसते. ती कोण, जादूगारांच्या राज्यावर तिचा राग का, हे सगळं दुसऱ्या भागात, 'द गोलम्स आय'मध्ये आहे. तिसऱ्या भागाचा जीव तिच्यात आहे. ती ओळख वगळून 'टॉलेमीज गेट' दिलंत तर एवढ्या सुंदर शेवटाचं अर्ध मोल जाईल.

तोवर काय करायचं? स्ट्राउडने २०१० मध्ये त्याच बार्टिमियसवर 'द रिंग ऑफ सॉलोमन' लिहिलं. ते सॉलोमन राजाच्या जेरुसलेममध्ये घडतं, त्या तीन भागांच्या कितीतरी आधी, आणि स्वतंत्र वाचता येतं. कुठलंही गुपित फुटत नाही. दुसरा भाग मिळेपर्यंत ते द्या. तिला एवढं मात्र सांगा की तळटिपा गाळायच्या नाहीत. बार्टिमियस या जिनची खरी गंमत तळटिपांत आहे, आणि शाळेत टिपा सोडून वाचायची सवय लागलेली असते.

आता बाकीची पुस्तकं. माझी आवड स्पष्ट आहे, पटली तर घ्या.

माझ्या लेखी सगळ्यात वर उर्सुला के. ल ग्विन. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं आहे, म्हणजे हॅरी पॉटरच्या एकोणतीस वर्षं आधी त्यात जादूगारांची शाळा आहे. पण तिथे जादू म्हणजे कांडी फिरवणं नाही. प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव अगदी जिवलगालाच सांगतात. गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ मुलगा ईर्ष्येला पेटून नको ती शक्ती जागी करतो आणि मग त्याच्याच हातून सुटलेली सावली त्याच्या मागे लागते. गेड तांबूस-सावळा आहे आणि त्या बेटांवरचे बहुतेक लोक सावळे किंवा काळे आहेत. लेखिकेने ते जाणूनबुजून केलं होतं. माझ्या लेकीला ते पहिल्या काही पानांतच जाणवलं, मला तिने दाखवेपर्यंत लक्षातही आलं नव्हतं. पुस्तक लहान आहे, वाक्यं साधी, पण भराभर वाचण्याचं नाही. दुसरा भाग 'द टूम्स ऑफ अटुआन' (१९७१) उघडला की मुलं गोंधळतात, कारण गेड कुठेच नाही. तिथे टेनार आहे, अगदी लहान वयात आईबापांपासून तोडून अंधाऱ्या देवस्थानाला वाहिलेली मुलगी. देवाला मुली सोडण्याची प्रथा आपल्याकडे सोलापूर-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे हे पुस्तक आपल्याला दूरच्या कुठल्या बेटाचं वाटत नाही. गेड निम्म्याच्या आसपास येतो. तोवर धीर धर, एवढंच लेकीला सांगा.

डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६) तुमच्या लेकीला आत्ता लगेच देता येईल. तीन बहिणींतली थोरली, टोप्या शिवणारी सोफी एका चेटकिणीच्या शापाने म्हातारी होते आणि म्हातारी झाल्यावरच तिला मनातलं फाडफाड बोलता येऊ लागतं. मियाझाकींचा सिनेमा २००४ चा. तो सुंदर आहे पण गोष्ट बरीच वेगळ्या वाटेने जाते. पुस्तक आधी, सिनेमा नंतर.

टेरी प्रॅचेटची टिफनी एकिंग माझी विशेष लाडकी. 'द वी फ्री मेन'मध्ये (२००३) नऊ वर्षांची धनगराची पोर धाकट्या भावाला परत आणायला परीराणीच्या राज्यात जाते, हातात हत्यार म्हणून लोखंडी तवा. पाच पुस्तकं आहेत आणि टिफनी दर पुस्तकात मोठी होत जाते, तेव्हा क्रम मोडू नका. अडचण एकच. त्यातली निळी बुटकी माणसं स्कॉटिश वळणाचं इंग्रजी बोलतात. मराठी माध्यमातल्या मुलीला ते सुरुवातीला जड जाईल. मोठ्याने वाचलं की अर्थ लागतो. आमच्याकडे मी आणि लेक आळीपाळीने वाचायचो.

पर्सी जॅक्सन आवडलं असेल तर रोशनी चोक्षीचं 'अरू शाह अँड दि एंड ऑफ टाइम' (२०१८) घ्या. पांडवांचे आत्मे आजच्या मुलींच्या रूपाने परत आलेत अशी कल्पना. महाभारत घरात ऐकलेल्या मुलीला जागोजागी ओळखीचं भेटतं. काही ठिकाणी मला ते फार चटपटीत वाटलं, पण मी तेरा वर्षांचा नाही. त्याहून शांत हवं असेल तर चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांचं 'द काँच बेअरर'. कोलकात्यातला बारा वर्षांचा आनंद आणि त्याच्या हाती आलेला शंख.

क्रमाबद्दल दोन गोष्टी, कारण यात पैसेही वाया जातात. नार्नियाच्या हल्लीच्या संचात 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर एक आकडा असतो. ते १९५५ मध्ये, सातांपैकी सहावं म्हणून आलं होतं. सुरुवात १९५० च्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'पासून करा. कपाटाचं दार उघडून बर्फात पाऊल पडतं ती जागा आधीच माहीत असेल तर उरलं काय? दुसरं, 'नॉर्दर्न लाइट्स' आणि 'द गोल्डन कंपस' हे एकच पुस्तक आहे. अमेरिकेत दुसऱ्या नावाने निघालं. माझ्या मेहुण्याने दुसरा भाग समजून ते मोठ्या हौसेने पाठवलं होतं. विकत घेण्याआधी आतल्या पानावरची मालिकेची यादी बघत जा.

आणि एक सावधगिरी. तरुणांसाठी म्हणून आलेलं सगळंच तेराव्या वर्षी द्यायचं नसतं. सारा जे. मासचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये तरुण वाचकांच्या कपाटात आलं आणि पुढे प्रकाशकांनीच ते मोठ्यांचं म्हणून नव्याने काढलं. दुकानात ते अजूनही हॅरी पॉटरशेजारी दिसतं. मी बंदी घालणारा बाप नाही. सतराव्या वर्षी तिचं तिने ठरवावं. तेराव्या वर्षी मी दिलं नसतं.

वाचनालयाचं म्हणाल तर तोंडी विचारू नका. मागणीची वही असते ती मागा, त्यात इंग्रजीत नेमकं नाव आणि लेखक लिहा, तारीख टाका, पानाचा फोटो काढा. पहिल्या भागाचा दाखल क्रमांक टिपून घ्या आणि त्याच्या पुढचे चार-पाच क्रमांक कुठल्या कपाटात आहेत ते विचारा. मला हे तेव्हा सुचलं असतं तर दहा मिनिटांत पुस्तक हाती आलं असतं. आणि मोठ्यांच्या विभागात स्वतः जाऊन एकेक कपाट बघा, विशेषतः रहस्यकथा. पुण्याला येणं होत असेल तर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत चौकशी करा, मात्र फुटपाथवरची प्रत घेताना पानं उलटून बघा. छापील नकलेत मधली सोळा पानं गायब असलेलं पुस्तक आमच्या घरात अजून आहे.

'द गोलम्स आय'ची एक प्रत माझ्याकडे आहे. पावसात भिजून मुखपृष्ठ फुगलंय, पण आतली पानं काल बसून मोजली, सगळी आहेत. पत्ता इथे उघड्यावर लिहू नका, खाजगी निरोपात कळवा, सोमवारी पोस्टात टाकतो. तिसरा भाग तोवर लेकीच्या नजरेआड ठेवायची गरज नाही, राहू दे उशाशी.