जुन्या कॅम्पर व्हॅनची देखभाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे २००९ सालची डिझेल व्हॅन असून तिच्यात झोपण्याचे बाक, छोटा ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवून घेतली आहे. वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर प्रवास होतो. एप्रिलमध्ये वेरूळहून परतताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापली आणि रस्त्यात बोअरचे पाणी ओतत आम्ही घर गाठले. मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाका म्हणतात, घरचे गाडी विका म्हणतात. ही गाडी भरवशाची राहील का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : राहील, आणि केवळ वय झाले म्हणून ती विकावी असे मला वाटत नाही. मात्र देखभालीचा हिशेब आपल्याला किलोमीटरऐवजी महिन्यांवर धरावा लागेल, कारण कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल, ब्रेक ऑइल, रबर आणि बॅटरी हे सारे उभ्या उभ्याच खराब होत असते.

आपल्या दुखण्याचे मूळ बहुधा पाण्यात आहे. मराठवाड्यातील बहुतेक बोअरचे पाणी जड असते. माठाला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांमध्ये धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. सपाट रस्त्यावर वाऱ्याच्या जोरावर हे निभावते. परंतु घाटात वेग कमी, ओझे तेवढेच आणि हवा ४० अंशांवर, अशा वेळी ते उघडे पडते. म्हणून रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्यावा आणि पुढे त्यात कुलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव) व डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे निम्मे मिश्रणच भरावे. बाहेरच्या जाळीत बसलेली धूळ, भुसकट आणि कापसाचे तंतू इंजिनच्या बाजूने हलक्या धारेने धुवावेत. जोराच्या धारेने पातळ पाती वाकतात.

रेडिएटरच्या झाकणाकडे फारसे कुणी पाहत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. त्यातील स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १ बार जास्त दाब राहिला, तर साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी जवळपास १२० अंशांना उकळते. त्याचे रबर कडक झाले असेल, तर झाकण बदलावे.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नये. तो काढल्यास इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, डिझेल जास्त लागते, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो. तो उकळत्या पाण्यात सोडून उघडतो का ते पाहावे, न उघडल्यास नवा घालावा. गाडी एकदा तापली असल्याने हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधील पातळ पट्टीचीही तपासणी आवश्यक आहे : ऑइल दुधाळ दिसणे किंवा इंजिन चालू असताना कुलंटमध्ये सतत बुडबुडे येणे ही ते फुटल्याची लक्षणे होत. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

ऑइल व त्याचा फिल्टर वर्षातून एकदा, ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदलावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. मग कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे उतरताना ते तापून त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जाते. घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा आणि टाकी गरजेपुरतीच भरावी, कारण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो ओझे. टायरच्या कडेवरील चार आकडे जरूर वाचावेत : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतक्या जुन्या टायरवर कुटुंबाला बसवू नये.

प्रश्न : आमची कॅम्पर व्हॅन पावसाळाभर अंगणात उभी असते. दिवाळीला सेल्फ लागत नाही आणि गेल्या वर्षी उंदरांनी वायरी कुरतडल्या. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : पंधरा दिवसांतून एकदा २०-२५ किलोमीटर चालवून आणावी, जागेवर दहा मिनिटे चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमधील पाणीही सुकत नाही. ते शक्य नसल्यास बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झाली, आणि तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसून कायमची दुबळी होते. डिझेलची टाकी भरून ठेवावी, म्हणजे आतल्या हवेतील ओलाव्याचे पाणी धरत नाही. हँडब्रेक ओढून ठेवल्यास ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून तो न ओढता चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत. गाडी कडब्याच्या गंजीपासून आणि धान्याच्या कोठीपासून दूर उभी करावी, आतला शिधा पूर्ण काढावा आणि बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहावे. दिवाळीला निघण्यापूर्वी गॅसच्या नळीवर छापलेली मुदत वाचून सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसल्यास शेगडी पेटवू नये.