बेसमेंटमधली चार झाडं आणि पुण्यातलं कपाट
घरातली बाग : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात घरात दिव्याखाली झाडं लावण्याबद्दल तीन पत्रं आली, तिन्ही गांजाच्या झाडाबद्दल. तिन्ही घेतेय, पण तिघांना उत्तर एकच नाहीये कारण तिघं राहतात तीन देशांत आणि या झाडाच्या बाबतीत आधी पत्ता बघावा लागतो, माती नंतर.

प्रश्न : ताई, आम्ही ब्रॅम्प्टनला स्वतःच्या घरात राहतो, दोघंही चाळिशीतले. बेसमेंटला एक कोपरा रिकामा आहे, तिथे कायद्यात बसतात तेवढी झाडं लावून बघायचा विचार आहे. आजपर्यंत तुळस आणि कढीपत्त्यापलीकडे काही लावलेलं नाही. ऑनलाइन बघितलं की एवढ्या वस्तू घ्यायला सांगतात की गोंधळच होतो. सुरुवात कुठून करू? एप्रिलमध्ये सासूबाई आणि भाचे पण येणार आहेत.

उत्तर : ताई, कढीपत्ता ओंटारियोच्या थंडीत जगवलाय ना तुम्ही, मग तुम्ही नवशिक्या नाही, हे आधी सांगते.

कायद्याचं पटकन. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडं चालतात, घरटी म्हणजे नवरा-बायको मिळून चार, प्रत्येकी चार नाही (इथेच बरेच जण चुकतात). बी अधिकृत दुकानातूनच घ्यायचं आणि ओंटारियोत त्यासाठी वय १९ पूर्ण हवं. पिकलेलं विकायचं नाही, अगदी शेजाऱ्याला खर्चापुरते पैसे घेऊनही नाही. उद्या क्विबेकला शिफ्ट झालात तर तिथे घरी लावायला बंदी आहे आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी कायम ठेवली. घराच्या इन्शुरन्सवाल्यांना एक फोन करून विचारून घ्या, आग किंवा पाण्याचं काही झालं आणि त्यांना माहीतच नसेल तर क्लेमच्या वेळी कटकट नको.

आता झाडाकडे येते. चार लावायची परवानगी आहे म्हणून चार लावू नका, दोनच लावा. घरात झाडं वाढवायला कपाटासारखा कापडी तंबू मिळतो, तो साठ बाय साठ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन फूट बाय दोन फूट, पहिल्या वेळी पुरतो. त्यात दोन कापडी कुंड्या, साधारण ११ लिटरच्या, कापडी अशासाठी की मुळांना कडेने हवा लागते आणि जास्तीचं पाणी अडकून राहत नाही. दिवा एलईडी घ्या, पण खोक्यावर १००० वॅट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याकडे बघू नका, तो खरोखर किती वॅट वीज ओढतो ते बारीक अक्षरात असतं ते शोधा. एवढ्या तंबूला १००-१२० वॅट पुष्कळ झाले. १२० वॅटचा दिवा १८ तास चालला तर दिवसाला दोन युनिटच्या जरा वर, महिन्याला पासष्टच्या आसपास, म्हणजे बिलाचा बाऊ करायचं कारण नाही. वर हवा बाहेर ओढणारा पंखा आणि त्याला कोळशाचा फिल्टर, तो फिल्टर मात्र वाचवू नका कारण फुलं धरली की वास जिन्यावरून वर येतो आणि मग सासूबाईंना काय सांगणार. आत एक छोटा क्लिपचा पंखा, टायमर, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं स्वस्तातलं यंत्र, बस, एवढंच. खतांचे सात सात बाटल्यांचे सेट मिळतात ते घेऊ नका, खत मिसळलेली चांगली माती घेतलीत तर पहिले काही आठवडे वेगळं खत लागतच नाही.

हे झाड समजून घ्यायचं तर शेवंती आठवा. शेवंती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, तसंच याचं. म्हणून सुरुवातीला १८ तास उजेड ६ तास अंधार ठेवतात, झाड नुसतं पानं-फांद्यांनी वाढतं, चारसहा आठवडे झाले की १२ तास उजेड आणि १२ तास अंधार करायचा, झाडाला वाटतं दिवाळी आली, आणि ते फुलायला लागतं, पुढे आठ ते दहा आठवडे. अंधार म्हणजे मिट्ट अंधार हं, तंबूच्या चेनमधून येणारी बेसमेंटच्या ट्यूबची रेघ किंवा एक्स्टेंशनवरचा लाल ठिपका सुद्धा काळ्या टेपने झाका, कारण रात्र मध्येच मोडली की झाड गोंधळतं आणि मादी झाडावर सुद्धा नराची फुलं येऊ शकतात. मादी म्हटलं कारण हे पपईसारखं आहे, नर वेगळा मादी वेगळी, आणि फुलं हवीत ती मादीची, नराचा पराग उडाला की सगळं बियांनी भरतं. पपईच्या बागेत नर कोण हे फुलं येईपर्यंत कळत नाही, इथे मात्र फक्त मादी झाडं देणारं बी विकत मिळतं, नवख्याने तेच घ्यावं. ऑटो नावाचं बी पण मिळतं ज्याला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसतं, ते आपलं आपण फुलतं, सोपं आहे, पण सुरुवातीला काही बिघडलं तर सावरायला वेळ देत नाही, म्हणून मी पहिल्यांदा साधंच सुचवते.

आणि पाणी. ताई, सगळ्यात जास्त झाडं पाण्याने मरतात, पाणी नसल्याने नाही, पाणी जास्त झाल्याने. मी राहुरीला कृषी शिकले, इथे लेमिंग्टनच्या ग्रीनहाऊसमध्ये सिमला मिरचीत वर्षं काढली, तरी घरच्या पहिल्या दोन झाडांना मी रोज संध्याकाळी कामावरून येऊन पाणी घालत होते, मायेने. खालची पानं पिवळी पडली, मला वाटलं भूक लागलीय, खत दिलं, मग शेंडे जळाले, मातीतून बारीक काळ्या माश्या उडायला लागल्या. मुळांना श्वासच घेता येत नव्हता आणि मी वरून खाऊ घालत होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यावर उपाय आपल्या शेतकऱ्यांचाच, पिवळे चिकट सापळे लावले आणि माती सुकू दिली. तेव्हापासून कुंडी उचलून बघते. कोरडी असताना किती हलकी लागते हे हाताला कळलं की मग वेळापत्रक लागत नाही, हलकी झाली की द्यायचं, पूर्ण भिजेल एवढं द्यायचं, ताटलीत उतरलेलं काढून टाकायचं.

हवेचं बेसमेंटमध्ये उलटसुलट असतं, हिवाळ्यात फर्नेसमुळे कोरडी ठक्क आणि उन्हाळ्यात दमट. रोप लहान असताना आर्द्रता ६०-७० टक्के चालते पण फुलं भरली की ४०-५० वर आणा, नाहीतर भुरी येते, आपल्या द्राक्षावर येते तसलीच, आणि घट्ट फुलाच्या आत करडी बुरशी धरते जी बाहेरून दिसत नाही. फुलावर कसलंही औषध मारायचं नाही, ते शेवटी कोणाच्या तरी फुफ्फुसात जाणार आहे. बुरशी आलेलं फूल टाकून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. कापल्यावर दहा ते चौदा दिवस अंधारात, थंडाव्याला, सावकाश वाळवा, पंख्याचा झोत थेट नको.

भाच्यांचं म्हणाल तर तंबूला कुलूप पुरत नाही, त्या खोलीलाच कुलूप हवं, आणि वाळलेला माल वेगळ्या कुलपात. मुलांना सगळा पाला सारखाच, आणि कोणी याचा केकबिक केला असेल तर त्यांना तो केकच वाटणार. तो प्रकार मुलं असताना घरात करूच नका असं मी हात जोडून सांगेन. वायरी सगळ्या कुंडीच्या वर टांगलेल्या ठेवा, जमिनीवर नाही, पाणी सांडतंच. आणि सासूबाईंना आधीच खरं सांगा ताई, शोधून काढण्यापेक्षा सांगितलेलं बरं.

प्रश्न : आम्ही दोन मराठी मुलं हॅम्बुर्गला एका फ्लॅटमध्ये राहतो, मी येऊन चार महिने झाले, रूममेटला तीन वर्षं. माणशी तीन झाडं चालतात म्हणजे आम्ही सहा लावू शकतो ना?

उत्तर : रूममेट लावू शकतो, तू अजून नाही. जर्मनीच्या १ एप्रिल २०२४ च्या कायद्याने माणशी तीन झाडं खरी, पण तिथे राहून सहा महिने व्हायला हवेत. दुसरं, घरात वाळलेला माल माणशी ५० ग्रॅमच ठेवता येतो, आणि नीट वाढलेलं एकच झाड त्याच्या वर सहज जातं. म्हणजे तीन लावून पन्नासच्या वरचं नष्ट करायची पाळी येणार. एकच लावा, छोट्या कुंडीत. बाकी दिवा-पाणी वरच्या ताईंना सांगितलं तेच. घरमालकाचा करार वाचून घ्या, आणि सुट्टीत भारतात येताना बॅगेत, जॅकेटच्या खिशात, एखादं बी सुद्धा राहिलेलं नाही हे दोनदा बघा.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, फ्लॅटवर राहतो. कपाटात एलईडी लावून एकच झाड वाढवायचंय, विकायचं वगैरे काही नाही, फक्त कुतूहल. भांग तर आपल्याकडे चालते मग घरात एक झाड का नाही? नेमका दिवा कुठला घेऊ?

उत्तर : नको करू बाळा. हे मी मोठेपणाने सांगत नाहीये, मला तुझी खरंच काळजी वाटली पत्र वाचून.

१९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, झाड लावण्यालाच गुन्हा मानतो, विकतोस की नाही याने फक्त आणखी कलमं वाढतात. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि एकाच झाडाला सूट असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. भांगेचं म्हणतोस ते अर्धं खरंय, कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलांचे शेंडे येतात, नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते. पण पान सुटलं म्हणून झाड सुटत नाही. उत्तराखंडात तागासारख्या धाग्यासाठी लागवडीला लायसन्स देतात, ते शेतकऱ्याला, सरकारी अटींवर, नशा जवळपास नसलेल्या जातीचं. तुझं कपाट त्यात कुठेच बसत नाही. फ्लॅट चौघांचा असेल तर चौघंही अडकू शकतात, पासपोर्ट, नोकरी, पुढे बाहेर शिकायला जायचं असेल तर ते, सगळं त्या एका कुंडीला टांगलेलं राहील. आणि तुझ्या वयात याचा मेंदूवर परिणाम जास्त होतो, घरात कोणाला मानसिक आजार असेल तर फारच जपून, हेही सांगायलाच हवं.

पण तुझ्या पत्रात मला एक दिसलं, झाडाबद्दल एक ओळ आहे आणि दिवा, टायमर, पंखा यावर दीड पान आहे. तुला ती यंत्रणा करायचीय. मग ती कर ना! कपाटात दिवा लाव, ४०-५० वॅटचा बास, त्याखाली बेसिल लाव, मिरची लाव, ट्रेमध्ये मेथी-मोहरीचे कोवळे अंकुर घे, आठ-दहा दिवसांत खायला मिळतात आणि रूममेट पण खूश.

आणि दिवसाच्या लांबीचा तो खेळ बघायचाच असेल तर शेवंतीवर बघ, सगळा कायदेशीर. पावसाळ्यात नर्सरीतून एकाच जातीची दोन रोपं आण, गच्चीत एकमेकांपासून लांब ठेव, मध्ये भिंत असली तर उत्तम. सप्टेंबरपासून एकीवर रोज रात्री १० ते २ टायमरने साधा बल्ब लाव, दुसरीला पूर्ण अंधार. अंधारातली कळ्या धरेल, बल्बखालची नुसती पानं काढत राहील. फुलशेतीवाले फुलं पुढे ढकलायला हेच करतात, आणि सोलापूर-सांगलीकडे रात्री ड्रॅगन फ्रूटच्या बागेत दिवे लागलेले दिसतात तिथे याच्या उलट, हिवाळ्यात फळ धरायला उजेड देतात. दर रविवारी दोन्ही कुंड्यांचा फोटो काढ, कळ्या मोज, वहीत तारीख घालून लिही. बल्ब कुंडीपासून दोन-अडीच फूट वर ठेव, फार जवळ आणलास तर शेंडा भाजेल. आणि पाऊस आहे तोवर होल्डर आणि प्लग प्लॅस्टिकच्या डब्यात बंद कर, गच्चीतल्या ओल्या वायरीला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद.