लंडनला जॅझ शिकायला निघण्याआधी

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. ‘लंडनच्या गिल्डहॉल संगीत महाविद्यालयात शिकता शिकता गिग (पैशाचे कार्यक्रम) करून राहण्याचा खर्च निघेल का?’ नाही निघणार. गिग मिळत नाहीत म्हणून नव्हे, स्टुडंट व्हिसावर ते करताच येत नाहीत. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कामाची मुभा असते, पण ती कॅफेत, दुकानात, गोदामात. फ्रीलान्स काम आणि ‘एंटरटेनर’ म्हणून काम, दोन्हीला मनाई आहे. इथल्या जॅझवाल्याची कमाई बहुतेक फ्रीलान्सच असते: पबातला शुक्रवार, लग्नं, शिकवण्या. पुण्यात तू हॉटेलात वाजवून आणि मुलांना शिकवून महिना काढतोस, तो रस्ता इथे पहिल्या दिवसापासून बंद. सॅक्सची केस उघडी टाकून फुटपाथवर वाजवणंही त्यातच धर. अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्लेसमेंट वेगळं, पण ते कॉलेजकडून लेखी घ्यायचं. फुकट वाजवलं तर चालेल का, हेही तिथल्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसलाच विचार, माझ्यासारख्याला नको.

आता सन्स ऑफ केमेट, लंडनचा चौघांचा जॅझ बँड. तुझ्या पत्रात एक समज दिसतो, की ते चौघे चांगल्या कॉलेजात जॅझ शिकले आणि तिथून बँड झाला. त्यांचा सॅक्सवादक शबाका हचिंग्स गिल्डहॉलचाच, हे खरं. पण तिथे तो काय शिकला? क्लासिकल क्लॅरिनेट!

त्याचा जन्म १९८४चा, लंडनचा. सहाव्या वर्षी आईबरोबर बार्बाडोसला गेला, नवव्या वर्षी क्लॅरिनेट हातात आलं. तिथे त्याने कॅलिप्सो या कॅरिबियन संगीताच्या बँडांत वाजवलं, आणि घरी रियाजाला रॅपच्या ओळी घेतल्या: शब्द बाजूला ठेवून रॅपरची लय क्लॅरिनेटवर काढायची. त्याचा सॅक्स ऐकताना दोनतीन सुरांतच रेंगाळणारी, पण लयीत सतत डंख मारणारी फ्रेज येते ना, तिचं मूळ मला तरी या सवयीत दिसतं. तू त्याचा एक सोलो उतरवून काढलास असं लिहिलंयस, म्हणजे सूर किती थोडे आहेत हे तुझ्याही ध्यानात आलं असेल. सोळाव्या वर्षी तो इंग्लंडला परतला, बर्मिंगहॅमला. तिथे सॅक्सोफोनवादक सोवेटो किंचने त्याला हाताशी धरलं. मग लंडन, गिल्डहॉल, आणि त्याच्या जोडीला टुमॉरोज वॉरियर्स.

या शेवटच्या नावाकडे नीट बघ, कारण आजचं लंडन जॅझ कुठून आलं, याचं अर्धं उत्तर तिथे आहे. बासवादक गॅरी क्रॉसबी आणि जनीन आयरन्स यांनी १९९१मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. ज्यांना महागडी शिकवणी परवडत नाही अशा मुलांना, विशेषतः आफ्रिकन-कॅरिबियन घरांतल्या, फुकट तालीम आणि एकत्र वाजवायला जागा. सन्स ऑफ केमेटचा ट्यूबावादक (ट्यूबा म्हणजे खर्जातलं मोठं पितळी वाद्य) थिऑन क्रॉसही त्यातूनच आला. वडील जमैकाचे, आई सेंट लुशियाची. दक्षिण लंडनच्या किनेटिका ब्लोको या कार्निव्हलच्या पथकातही तो वाजवायचा. ट्यूबावर बासलाइन धरायची म्हणजे श्वास कुठे घ्यायचा हाच मुख्य प्रश्न. चालत्या मिरवणुकीत ती सवय आपोआप लागते, वर्गात लावावी लागते. बँडमध्ये पियानो नव्हता, गिटार नव्हती. सॅक्स, ट्यूबा आणि दोन ड्रमर. आपल्या ढोल-ताशा पथकात एकाने ठोका धरावा आणि दुसऱ्याने त्यावर तर्री काढावी, तसं ते दोघे काम वाटून घ्यायचे.

ड्रमर टॉम स्किनर लंडनचा. पुढे रेडिओहेडच्या थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुडबरोबर द स्माइल या बँडमध्ये गेला. दुसरा सेबॅस्टियन रॉचफर्ड स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा, आई अँग्लो-इंडियन. त्याचा स्वतःचा पोलर बेअर हा बँड २००५मध्येच मर्क्युरी या ब्रिटनमधल्या अल्बमच्या पुरस्काराच्या यादीत होता. म्हणजे २०११ला सन्स ऑफ केमेट सुरू झालं तेव्हा ही मंडळी नवखी नव्हती. पहिल्या अल्बमवर ट्यूबा ओरेन मार्शलचा होता, थिऑन नंतर आला. पहिला अल्बम २०१३चा. थोर सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेन ज्या इम्पल्स या रेकॉर्ड कंपनीचा, तिच्यावरचा अल्बम २०१८ला, त्यालाही मर्क्युरीचं नामांकन. २०२२ला त्यांनी थांबायचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस शबाकाने सॅक्सोफोनच खाली ठेवला. त्यानंतर तो बासऱ्यांकडे वळला.

या वर्षांशेजारी तुझी वर्षं मांड. एक वर्षाचा कोर्स, मग ग्रॅज्युएट व्हिसाची, म्हणजे कोर्सनंतर इथे राहून काम करायच्या परवान्याची, दोन वर्षं. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दोनऐवजी अठरा महिनेच. त्या व्हिसावर फ्रीलान्स चालतं, म्हणजे तुझं खरं लंडन तेव्हा सुरू होणार. तोवर इथल्या लोकांची ओळखही नसेल तर तो काळ सँडविच भरण्यात जातो. मी पाहिलेत असे. शक्य असेल तर दोन वर्षांचाच कोर्स घे. फी वाढते, पण बँड जमायला लागणारा वेळ दुसऱ्या कशाने मिळत नाही.

शबाका होण्यापेक्षा तालवादक सारथी कोरवारची वाट तुला जवळची पडेल. अहमदाबाद-चेन्नईत वाढलेला हा मुलगा पुण्यात शिकायला आला आणि तिथे तबल्यात गुंतला. मग लंडन, सोआस विद्यापीठात मास्टर्सला विषय घेतला तो भारतीय ताल इतर तालवाद्यांवर कसे बसवायचे हा. २०१६चा त्याचा अल्बम गुजरातेतल्या रतनपूरच्या आफ्रिकन वंशाच्या सिद्दी मंडळींच्या ध्वनिमुद्रणांवर उभा आहे, आणि त्यात शबाकाही वाजवतो. तो इथे आला तो स्वतःचं काहीतरी घेऊन. तू अर्जासोबत पाठवलेल्या चारही ध्वनिफिती अमेरिकन स्टँडर्ड्सच्या, म्हणजे सगळेच वाजवतात त्या जुन्या जॅझ रचनांच्या आहेत. छान वाजवल्यायस, पण तसं वाजवणारी पोरं इथे ढिगाने आहेत. (मुंबईत वाढलेला गोवेकर गिटारवादक आमान्सिओ डिसिल्वा १९६७ला लंडनला आला आणि दोन वर्षांत सॅक्सवादक जो हॅरियटबरोबर रेकॉर्ड करून बसला. तो ऐक. पुणेकर त्याला विसरलेत, लंडनचे रेकॉर्डवाले नाहीत.)

व्हिसाच्या पैशांचं थोडक्यात: लंडनसाठी महिना दीड हजार पौंडांच्या आसपास, असे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. फी वेगळी, आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड वेगळा. कर्ज काढणार असशील तर हप्ता गिगमधून फिटेल असं कागदावरही लिहू नकोस.

खोली बघताना घरमालकाला आधी सांग की सॅक्स वाजवतोस. इथल्या भिंतींतून शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो. रियाज कॉलेजच्या खोल्यांतच करावा लागेल, म्हणून त्या रात्री किती वाजेपर्यंत उघड्या असतात आणि सुट्टीत मिळतात का, हे विचारून घे. डिपॉझिट भरायच्या आधी हा प्रश्न, प्लेसमेंटचा प्रश्न आणि कोर्स दोन वर्षांत करता येतो का हा तिसरा, असे तिन्ही एकाच ईमेलमध्ये कॉलेजला पाठव. उत्तर आलं की मला दाखव, मग कर्जाचं बोलू.