वडिलांना ‘मायक्रोसॉफ्टमधून’ फोन आला आणि एनीडेस्क टाकायला लावलं, आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील निपाणीत एकटे असतात. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणत एकाचा फोन आला, त्यानं लॅपटॉपवर व्हायरस ‘दाखवला’, एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा लॅपटॉप चालवता येतो ते ॲप) टाकून घेतलं आणि आता दुरुस्तीच्या पैशांसाठी सारखा फोन करतोय. हे खरं असेल का?

नाही. ही फसवणूकच आहे. पुढचं वाचायच्या आधी वडिलांना फोन लावा आणि घरातलं वायफाय बंद करायला सांगा. नेट तुटलं की त्या माणसाचा लॅपटॉपवरचा ताबा तिथंच सुटतो.

माझं बेळगावच्या शहापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. अशा फोननंतर लॅपटॉप काखेत घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं: “त्या सरांनी लाल खुणा दाखवल्या की हो, मी स्वतः बघितल्या.” सगळा विश्वास त्या लाल खुणांवर बसलेला असतो, म्हणून आधी त्यांचंच सांगतो.

फोनवरचा माणूस विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकदम दाबायला लावतो, एकेक अक्षर सांगत एक शब्द टाईप करून घेतो आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. ही विंडोजची रोजनिशी. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, नेट मध्येच गेलं, असलं सगळं तिथं लाल नाहीतर पिवळ्या खुणेनं नोंदलं जातं. व्हायरसशी त्याचा संबंध असायलाच पाहिजे असं काही नाही. गिऱ्हाईकाला पटत नसलं की मी दुकानातला नवा, नुकताच खोक्यातून काढलेला लॅपटॉप सुरू करतो आणि तीच यादी उघडून दाखवतो. लाल खुणा त्यातही असतात. ते बघितल्यावर माणसाच्या चेहऱ्यावरची भीती उतरते, म्हणून तुम्हीही वडिलांना तुमच्या लॅपटॉपवर हे एकदा दाखवाच.

दुसरी युक्ती याहून बेरकी आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाकायला लावतात. यादीत शेवटी 888 ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक येतो. मग तो म्हणतो, “हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर. आमच्या रेकॉर्डमधला वाचून दाखवतो, जुळतोय का बघा.” जुळणारच! तो क्रमांक प्रत्येक विंडोजवर तोच असतो, माझ्या दुकानातल्या सगळ्या मशीनवरही.

मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कुणाला फोन करून व्हायरस असल्याचं सांगत नाही, आणि त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. स्क्रीनभर इशारा, सायरनचा आवाज आणि खाली नंबर आला, तर ते ब्राउझरमधलं एक पान आहे. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ4. तरीही हटलं नाही तर मशीन बंद करून चालू करा, आणि ब्राउझरनं जुनी पानं परत उघडू का विचारलं तर नको म्हणा.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे, आणि मला तीच जास्त लागते. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी अर्ज कन्नडमध्ये, बँकेचे मेसेज इंग्रजीत आणि हेल्पलाइन हिंदीत असं सगळं आयुष्यभर निभावलं. “साहेब, एवढं भरून द्या की” म्हणत दुसऱ्याच्या हातून कागद करून घ्यायची त्यांना सवय आहे. ती त्यांची चूक नव्हे. पण “मी सांगतो तसं करत चला काका” म्हणणारा शांत आवाज त्यांना मदतीचाच वाटतो. त्यांना एवढंच सांगून ठेवा: मदत आपण ज्याच्याकडे जातो त्याच्याकडून घ्यायची, जो आपणहून फोन करतो त्याच्याकडून नाही. आणि बँकेचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचाच लावायचा.

आता पैशांचं. लॅपटॉपवर बँकेचं खातं उघडलं होतं का, ओटीपी सांगितला का, हे विचारा. थोडी जरी शंका असेल तर आजच बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला लावा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर ती गोठवता येते. बँकेकडून तक्रार क्रमांक मागून घ्या, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे ओटीपी किंवा पासवर्ड आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. वेळेचा पुरावा तो क्रमांकच असतो. कॉल लॉग आणि मेसेज पुसू देऊ नका.

निपाणीतली माणसं बऱ्याचदा हद्दीच्या प्रश्नात अडकतात: राहणं कर्नाटकात, खातं कोल्हापूरच्या शाखेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. निपाणीच्या ठाण्यात जा, किंवा बेळगावच्या सीईएन ठाण्यात. सायबर गुन्हे तेच बघतात.

आणि वडिलांना रागावू नका. मार्च 2025 मध्ये खानापूर तालुक्यातल्या बिडी गावात अशाच फोनवरच्या धमक्यांनी पिळलेल्या वृद्ध जोडप्यानं जीव दिला. तिथं ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे खोटे पोलीस बनून फोनवरच अटक केल्याची, भीती घातली होती, पण माणसाला एकटं पाडून घाबरवायची रीत तीच. वडील घाबरलेले वाटले तर फोनवर भागवू नका, जाऊन या, नाहीतर जवळच्या कुणाला तरी त्यांच्यासोबत थांबायला सांगा.

लॅपटॉपचं काम शेवटी. नेट बंद ठेवूनच फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढा. नुसतं एनीडेस्क काढून भागत नाही, मागे दुसरं काही टाकलेलं असू शकतं, म्हणून विंडोज नव्यानं घालून घ्या. पासवर्ड तोवर दुसऱ्या फोनवरून बदला. काही दिवसांनी “तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा” असा फोन येऊ शकतो. तोही त्यांच्यापैकीच कुणाचा तरी असतो. नंबर ब्लॉक करा आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षू’ या संशयास्पद फोनच्या तक्रारीच्या सोयीवर कळवा.