हार्मोन्सचा रिपोर्ट नॉर्मल असूनही पाळीआधी मन का कोसळतं? शरीरातल्या दाहाचा नैराश्याशी काही संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस जगणं नकोसं होतं आणि पाळी सुरू झाली की दोन दिवसांत मळभ सरतं. हार्मोन्सचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) मात्र वाढलेला, आणि घरच्यांनी "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून विषय मिटवला. मी डॉक्टर नाही. पण मला अकरा वर्षांपासून रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार, आहे आणि बाळंतपणानंतरचं डिप्रेशनही मी काढलंय. त्यामुळे हा विषय मी वर्षानुवर्षं वाचत आणि डॉक्टरांना विचारत आले आहे.

आधी त्या नॉर्मल रिपोर्टबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतो. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांना ल्युप्रोलाइड देऊन त्यांनी अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवलं. बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिलं, तर तो परत आला. तेच उपचार असा त्रास नसलेल्या स्त्रियांनाही दिले होते, त्यांच्या मूडवर काहीच परिणाम झाला नाही. याच गटाने २००० साली हार्मोन्सची गरोदरपणासारखी पातळी औषधांनी आणली आणि मग एकदम काढून घेतली. पूर्वी बाळंतपणानंतर डिप्रेशन आलेल्या आठ जणींपैकी पाच जणींचं मन पुन्हा ढासळलं. तो इतिहास नसलेल्या आठ जणींपैकी एकीचंही नाही.

म्हणजे फरक हार्मोनच्या आकड्यात नव्हता. आकडे वरखाली होताना मेंदू ते कसं सोसतो, यात होता. रक्ताच्या एका नमुन्यात हे दिसणं शक्यच नाही. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि तुमचा त्रासही खरा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हे सोसणं नेमकं कुठे अडतं, याचा एक धागा बऱ्यापैकी हाती लागलाय. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो. मेंदूला शांत करणारी गाबा नावाची जी व्यवस्था आहे, तिच्यावर तो काम करतो. गरोदरपणात त्याची पातळी खूप चढते आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांत कोसळते. हाच पदार्थ ब्रेक्सानोलोन या नावाने सलाइनमधून साठ तास देण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०१९ साली बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी मान्यता मिळाली. त्याच जातीची झुरानोलोन ही चौदा दिवसांची गोळी २०२३ साली आली. ही बातमी मी वाचली तेव्हा मला रडू आलं होतं. "बाळ झालंय, आनंदात राहायला हवं" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं.

आता दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. संसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन्स नावाचे निरोप देणारे पदार्थ सोडतात, आणि त्यांचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो. ताप आलेल्या माणसाला जेवण नको वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आवडीच्या गोष्टीही फिक्या वाटतात, ते यामुळेच. ही लक्षणं डिप्रेशनच्या किती जवळची आहेत बघा. याचा सगळ्यात ठोस पुरावा इंटरफेरॉन हे रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये दिसला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचेच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉन अल्फा घेणाऱ्या ४० रुग्णांना पॅरोक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषध किंवा बिनऔषधाची गोळी दिली होती. बिनऔषधाच्या गटात ४५ टक्के रुग्णांना डिप्रेशन आलं, पॅरोक्सेटिनच्या गटात ११ टक्के. इथे आधी दाह वाढवणारं औषध आलं आणि मग मन खचलं, म्हणून हा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो.

पण सगळं डिप्रेशन दाहाचं नसतं. २०१३ साली औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी इंजेक्शन वापरून पाहिलं. एकूणात फायदा दिसला नाही. ज्यांचा सीआरपी पाचच्या वर होता त्यांना मात्र उपयोग होताना दिसला, आणि कमी सीआरपी असलेल्यांना तर बिनऔषधाच्या गटाहूनही कमी आराम पडला. म्हणून कुणाचं ऐकून स्वतःहून दाह कमी करणाऱ्या गोळ्या सुरू करू नका. सीआरपी साध्या सर्दीने, दाढ दुखल्याने, वजन वाढल्यानेही वाढतो. तो पुन्हा तपासून घ्या आणि कशामुळे वाढलाय ते शोधायला सांगा.

हार्मोन्स आणि दाह हे दोन प्रवाह वेगळे नाहीत, हे मला माझ्या शरीराने शिकवलं. गरोदरपणात माझे सांधे जवळजवळ बरे झाले होते. बोटांची सूज उतरली, सकाळची आखडण गेली. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत सांधे परत पेटले, आणि त्याच आठवड्यांत माझं मनही बुडालं. पुढे कळलं की फिलिप हेंच यांनी १९३८ सालीच गरोदरपणात हा आजार ओसरतो आणि नंतर उलटतो, हे नोंदवून ठेवलं होतं. इस्ट्रोजेनचा रोगप्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम पातळीनुसार बदलतो. भरपूर असेल तेव्हा ते बरेचदा दाह आवरतं, कमी असेल तेव्हा उलटंही होऊ शकतं. टेस्टोस्टेरॉन साधारणपणे दाह दाबणाऱ्या बाजूचं. २०१५ सालच्या एका प्रयोगात निरोगी स्त्री-पुरुषांना जिवाणूंमधला दाह पेटवणारा अंश अगदी थोड्या प्रमाणात टोचला. सायटोकाइन्स दोघांतही वाढली, पण उदासी आणि एकटं पडल्याची भावना स्त्रियांमध्ये जास्त वाढली. स्त्रियांमध्ये डिप्रेशन पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतं आणि ही दरी वयात येताना पडते. त्यात सामाजिक कारणं नक्कीच आहेत, पण शरीराचाही वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं.

तुम्ही काय करावं? आजपासून दोन पाळीचक्रं रोज रात्री चार ओळी लिहा: मूड, चिडचिड, झोप, पाळीचा कितवा दिवस. पीएमडीडी, म्हणजे पाळीआधीचं तीव्र नैराश्य, २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात डिप्रेशनच्या आजारांत स्वतंत्रपणे नोंदलेलं आहे, आणि त्याचं पक्कं निदान अशा रोजच्या नोंदींवरच होतं. ही वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, सोबत सीआरपीचा रिपोर्टही न्या. पीएमडीडीत एसएसआरआय गटातली डिप्रेशनवरची औषधं बऱ्याचदा काही दिवसांतच काम करतात, त्यामुळे ती फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेण्याची पद्धतही आहे. तुम्हाला ती चालेल का, हे त्यांना विचारा.

आणि "जगणं नकोसं होतं" हे शब्द तुम्ही सहज लिहिले असतील, पण मी ते सहज वाचलेले नाहीत. त्या दिवसांत स्वतःला संपवण्याचा विचार येत असेल, तर दोन महिने थांबू नका, वही नंतर होईल. आजच घरातल्या एकाला स्पष्ट सांगा आणि त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.